अंगावरचे दुखणे आणि विद्येचे कोठार

प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी महाजालावर संदर्भसंग्रह आहेत, यात आता नवल राहिलेले नाही. ‘अपटुडेट’मध्ये तज्ज्ञांनी लिहिलेल्या आणि वेळोवेळी सुधारलेल्या नोंदी मिळतात, ‘कोक्रेन ग्रंथालया’त एकाच प्रश्नावर झालेल्या अनेक चाचण्या तोलून काढलेला निष्कर्ष मिळतो. मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातील आरोग्य केंद्रात एकट्याने निर्णय घेणाऱ्या तरुण डॉक्टराला असा संग्रह म्हणजे शेजारच्या खोलीत बसलेला जाणता वडीलधाराच.

यातले बरेचसे ज्ञान विकत मिळते, ही पहिली अडचण. ती सुटू शकते, याचा दाखला आहे. २००७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पैसे मोजून कोक्रेन ग्रंथालय देशभरातील वाचकांना खुले करून दिले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने संशोधन-नियतकालिकांच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेसाठी तीन वर्षांचे सुमारे ६,००० कोटी रुपये मंजूर केले. ती मात्र शासकीय उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यासाठी आखलेली आहे. ज्याच्या दारात रोगी उभा आहे, तो आरोग्य केंद्राचा डॉक्टर त्या व्याख्येत बसत नाही. ही उणीव शासनाने दूर करावी, याविषयी दुमत नसावे.

आमचे म्हणणे याच्या पुढचे आहे. उद्या कोठाराचे दार उघडले, तरी आत नेमकी कणगी शोधायला शब्द लागतो, आणि तो इंग्रजी लागतो. रोगी आपले दुखणे सांगतो ते वऱ्हाडी वळणाच्या मराठीत.

एक ‘अंग’ हाच शब्द घ्या. ‘अंगावरून जाते’ म्हणजे स्त्रीचा श्वेत वा रक्तस्राव. ‘अंगावरून वारे गेले’ म्हणजे पक्षाघात. ‘अंगावर पाजते’ म्हणजे स्तनपान. आणि ‘अंगावर काढले’ म्हणजे उपचार न घेता सोसले. शेवटच्या प्रयोगाला रोगांच्या यादीत जागा नाही. तरी दुखणे किती जुने, हे पुष्कळदा त्याच्यामागेच दडलेले असते.

हे नुसते शब्दकौतुक नव्हे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वी तशी तपासणी झालेल्या मात्र अवघ्या ८ टक्के. ‘अंगावरून जाणे’ आणि ‘अंगावर काढणे’ ही एकाच संसारातली दोन वाक्ये आहेत, ती अशी. जगाच्या विद्येच्या कोठारातले काही धान्य विदर्भाच्याच शिवारातून गेलेले आहे. ऐकून घेणारे कोणी भेटले, म्हणून ते तिथवर पोहोचले.

राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आपल्याकडे आहेत. ते इंग्रजी संज्ञेकडून मराठीकडे, आणि बहुधा संस्कृतप्रचुर मराठीकडे जातात. आरोग्य केंद्राला हवा आहे तो उलट्या वाटेचा कोश: रोग्याच्या बोलीपासून निघून वैद्यकाच्या संज्ञेपर्यंत नेणारा. तो एकट्या डॉक्टराने करावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. आशाताईंना हे शब्द तोंडपाठ असतात. आमच्या वर्गांतील मुले-मुली ते घरून घेऊन येतात. विद्यार्थ्यांनी शब्द टिपावेत, आशाताईंनी ते पारखावेत आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने अर्थ निश्चित करावा. वाशिमच्या सहा तालुक्यांपुरता असा कोश जिल्ह्यातील मराठी विभागांच्या आवाक्यातला आहे.

बोलीभाषांच्या संवर्धनावर चर्चासत्रे पुष्कळ होतात. बोलीचा एक शब्द चुकीचा समजला गेला तर शोध चुकतो आणि शोध चुकला की औषध चुकते, इतकी साधी गोष्ट त्या चर्चासत्रांतही बोलली जावी.