गुरुजींचं गाणं गावाचं झालं!

२००९ साली ‘दिल्ली-६’ हा हिंदी चित्रपट आला आणि त्यातल्या ‘ससुराल गेंदा फूल’ या गाण्यानं सगळ्या देशाला वेड लावलं. मुंबई-पुण्याच्या हळदी-मेंदीत त्या गाण्यावर सुना नाचल्या, सासवाही नाचल्या. पण या गाण्याचं माहेर छत्तीसगढ आहे, मुंबईच्या स्टुडिओत पोहोचण्याआधी कितीतरी वर्षं ते रायपूरच्या आकाशवाणीवर वाजत होतं, हे नाचणाऱ्यांपैकी किती जणींना ठाऊक होतं?

लोकगीताचं असंच असतं. गाणं गावभर फिरतं आणि ज्यानं ते लिहिलं, गायलं, त्याचं नाव वाटेत कुठंतरी गळून पडतं. छत्तीसगढमध्ये मात्र एक माणूस असा होऊन गेला, की त्याची गाणी त्याच्या हयातीतच लोकगीतं झाली. त्याचं नाव लक्ष्मण मस्तुरिया. लिहायचे तेच आणि गायचेही तेच. दिवसा शाळेत हिंदी शिकवायची आणि रात्री हजारोंच्या गर्दीपुढे छत्तीसगढीत गायचं, असं हे दोन भाषांचं आयुष्य होतं.

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की पाचेक तासांत रायपूर येतं. गोंदिया मागे पडलं, की डब्यातली बोली बदलू लागते. डोंगरगढ, राजनांदगाव, दुर्ग करत गाडी पुढे जाते, तशी शेंगदाणेवाल्याच्या तोंडी वेगळीच गोड बोली येते. पण मराठी कानाला ती अगदीच परकी वाटत नाही. छत्तीसगढीत ‘मया’ म्हणजे प्रेम, म्हणजे आपली मायाच. ‘भुइंया’ म्हणजे आपली भुई. झेंडूच्या फुलाला तिकडे ‘गोंदा’ म्हणतात, आपल्याकडे कोकणात त्यालाच ‘गोंडा’ म्हणतात.

नातं तसं जुनंच आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचं राज्य या मुलखावर आलं आणि १८५४ साली नागपूरचं राज्य खालसा होईपर्यंत टिकलं. त्या काळापासून रायपुरात मराठी घरं आहेत, तात्यापारा नावाचा मोहल्ला आहे. ‘केसरी’वर निष्ठा असणारे माधवराव सप्रे याच भागात वाढले. १९०० साली त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढलं, लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद केला. घरची भाषा मराठी आणि लेखणीची हिंदी! दोन भाषांत नांदण्याची रीत रायपूरला नवी नाही.

लक्ष्मण मस्तुरियांच्या दोन भाषा मात्र वेगळ्या होत्या, आणि त्या दोघींचा मान सारखा नव्हता. त्यांच्या आयुष्याची सगळी गोष्ट तिथंच आहे.

७ जून १९४९ रोजी बिलासपूरजवळच्या मस्तुरी गावात त्यांचा जन्म झाला. मस्तुरीचा म्हणून मस्तुरिया. आपल्याकडे असते तर मस्तुरीकर झाले असते! गावाचं नाव त्यांनी आडनावासारखं जन्मभर मिरवलं. त्या काळी मध्य प्रदेशात असलेला हा प्रदेश ‘धान का कटोरा’ म्हणून प्रसिद्ध होता. भाताचं कोठार, पण कोठार भरणारी माणसं मात्र दुष्काळ पडला, की बायकापोरांसह मजुरीसाठी परमुलखात जायची. नागपूरच्या कितीतरी इमारतींच्या विटा याच माणसांनी वाहिल्या आहेत. शहरात कुणी ‘छत्तीसगढिया’ म्हटलं, की त्यात कौतुक नसायचं. भोळा, अडाणी, सांगेल ते ऐकणारा, असा त्याचा अर्थ असायचा. म्हणूनच शिकलेला मुलगा शहरात आला, की पहिल्यांदा आपली बोली लपवायचा.

मस्तुरियांनी ती लपवली नाही. उलट ‘होय, मी छत्तीसगढिया आहे’ असं त्यांनी छाती पुढे काढून गाण्यातूनच सांगितलं.

याला निमित्त झालं ‘चंदैनी गोंदा’. दुर्गजवळच्या बघेरा गावचे दाऊ रामचंद्र देशमुख मोठे शेतकरी आणि कलेचे वेडे. त्या भागात ‘नाचा’ नावाचा लोकनाट्याचा प्रकार रात्र-रात्र चालतो. आपल्या तमाशातल्या सोंगाड्यासारखा त्यात ‘जोक्कड’ असतो आणि स्त्रीची भूमिका पुरुषच करतात. देशमुखांना वाटलं, की नुसतं हसवून भागायचं नाही, शेतकऱ्याचं दुःखही रंगमंचावर आलं पाहिजे. त्यासाठी गावोगाव हिंडून त्यांनी कलावंत गोळा केले आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये बघेऱ्यात ‘चंदैनी गोंदा’चा पहिला प्रयोग केला. देवाला वाहतात त्या झेंडूच्या फुलाचं नाव त्यांनी मुद्दामच दिलं होतं. शेतकऱ्याचं जगणंही तसंच, कुणाच्या तरी पायी वाहिलेलं!

या प्रयोगातली बरीचशी गाणी लिहिली बावीस वर्षांच्या लक्ष्मण मस्तुरियांनी. संगीत दिलं खुमानलाल साव यांनी. या जोडीनं एक मोठीच गोष्ट केली. छत्तीसगढच्या घराघरात गाण्याचे कितीतरी प्रकार होते. दिवाळीच्या दिवसांत टोपलीत मातीचा पोपट ठेवून बायका फेर धरतात, ते ‘सुआ’. शेतात राबताना पोरं-पोरी एकमेकांना दोन-दोन ओळींनी डिवचतात, ते ‘ददरिया’. शिवाय करमा, गौरा, पंथी आहेतच. आपल्या भोंडल्याच्या आणि जात्यावरच्या ओव्यांसारखा हा सगळा ठेवा. सावांनी या चाली आणि ठेके घेऊन हार्मोनियम, बासरी, ढोलक यांच्या साथीनं त्यांना नवं रूप दिलं आणि मस्तुरियांनी त्यात आजच्या माणसाचं बोलणं भरलं.

त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं म्हणजे ‘मोर संग चलव रे’, माझ्या संगं चला. पिढ्यान्‌ पिढ्या मागे राहिलेल्या माणसांना घातलेली ती साद आहे. साध्या शब्दांतलं, साध्या चालीचं गाणं, पण ऐकताना माणूस उभा राहतो. सभेत, संमेलनात, मोर्चात ते गायलं गेलं. वेगळ्या राज्याची मागणी जोर धरू लागली, तेव्हा हेच गाणं लोकांच्या ओठी होतं. घोषणा विरून गेल्या, गाणं राहिलं.

मस्तुरिया नुसती चळवळीची गाणी लिहीत नव्हते, म्हणूनच ते स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले. प्रेमाचं गाणं लिहायचं तर ते चंद्र-चांदण्यांकडे गेले नाहीत, थेट परसात गेले. ‘बखरी’ म्हणजे घरामागची भाजीची बाग, आणि ‘तूमा’ म्हणजे दुधी भोपळा. त्या भोपळ्याच्या वेलासारखं मन झुलतं, असं म्हणणारा दुसरा कवी कुठं सापडणार? जिच्या घरामागे असा वेल आहे, तिला ते गाणं समजावून सांगावं लागत नाही. त्यांचं आणखी एक गाणं आहे. त्यातली मुलगी गाडीवाल्याला म्हणते, तुझा पत्ता तरी सांगून जा! राजनांदगावच्या कविता वासनिक यांच्या आवाजात हे गाणं आकाशवाणीवरून खेडोपाडी गेलं. १९६३ साली सुरू झालेल्या रायपूर केंद्रावरून छत्तीसगढी गाणी लागली, की पारावर रेडिओभोवती माणसं जमत. ज्या बोलीची शहरात लाज वाटायची, तीच आता रेडिओतून बोलत होती.

१९७४ साली लाल किल्ल्यावरच्या कविसंमेलनात हिंदीतल्या मातब्बर कवींच्या पंगतीत मस्तुरियांनी कविता म्हटली. ऐन पंचविशीतल्या तरुणाला दिल्लीचा दरवाजा उघडला होता. पुष्कळांनी तिथंच मुक्काम टाकला असता. मस्तुरिया परत आले.

पोटापाण्यासाठी त्यांनी रायपूरच्या राजकुमार कॉलेजात हिंदीच्या शिक्षकाची नोकरी केली. एकेकाळी संस्थानिकांच्या मुलांसाठी काढलेली ही शाळा. म्हणजे बघा, राजकुमारांच्या शाळेत शिकवायचं आणि गाणी मात्र लिहायची मजुराची! कुणाला यात विसंगती दिसेल. पण गुरुजींना दोन्ही भाषा मनापासून प्रिय होत्या. हिंदीत त्यांनी कविता आणि ललित निबंध लिहिले. ‘माटी कहे कुम्हार से’ हे त्यांचं निबंधांचं पुस्तक. छत्तीसगढीत ‘सोनाखान के आगी’ हे दीर्घ काव्य लिहिलं. १८५६च्या दुष्काळात व्यापाऱ्याचं कोठार उघडून भुकेल्यांना धान्य वाटणारे सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह त्याचे नायक. इंग्रजांनी १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना फाशी दिलं. पाठ्यपुस्तकात चार ओळीत आटोपणारा हा इतिहास मस्तुरियांनी लोकांच्या बोलीत त्यांच्या हाती दिला. शिवाय ‘लोकसुर’ नावाचं मासिकही त्यांनी चालवलं. पदरमोड केल्याशिवाय असलं मासिक चालत नाही, हे ज्यांच्या घरात कुणी असा उद्योग केला आहे त्यांना सांगायला नको!

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झालं. त्याच सुमारास आलेल्या ‘मोर छइंहा भुइंया’ या छत्तीसगढी चित्रपटाला रायपुरात तुफान गर्दी झाली. १९६५ साली ‘कहि देबे संदेस’ या पहिल्या छत्तीसगढी चित्रपटात महंमद रफी गायले होते. आता या बोलीतल्या चित्रपटांचा धंदाच उभा राहिला. २००५ साली लतादीदींनीही छत्तीसगढीत एक गाणं गायलं. २००७ साली छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा मिळाला. एकेकाळी लपवून ठेवलेल्या बोलीचे दिवस पालटले होते.

आणि ज्यांनी त्यासाठी गळा झिजवला, ते? मस्तुरियांचा स्वभाव स्पष्ट बोलण्याचा. नवं राज्य झालं म्हणून राबणाऱ्याची दैना संपली असं त्यांना वाटत नव्हतं, आणि तसं ते बोलूनही दाखवायचे. अशा माणसाला हार-तुरे बेतानंच मिळतात. पद्म पुरस्कारांच्या यादीत त्यांचं नाव कधी आलं नाही. ३ नोव्हेंबर २०१८ रोजी रायपुरात हृदयविकारानं ते गेले, तेव्हा राज्याचा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते. पुढच्याच वर्षी, जून २०१९ मध्ये खुमानलाल सावही गेले. नंतर राज्य सरकारनं दोघांच्याही नावे सन्मान सुरू केले. उशिरा का होईना, नावं कागदावर आली.

पण एक प्रश्न राहिलाच. छत्तीसगढी अजूनही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. आणि रायपूरच्या नव्या वसाहतींतून आज कानोसा घेतला, तर आजी छत्तीसगढीत बोलते, आई हिंदीत उत्तर देते आणि नातू इंग्रजीत हट्ट करतो. रायपूरच कशाला, ठाण्यात आणि नाशकातही काय वेगळं चित्र आहे? मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणाऱ्या आजीला शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘जरा शुद्ध बोल हं’ असं बजावणारी घरं आपल्याकडेही कमी नाहीत.

मस्तुरिया गुरुजींनी यावर भाषणं केली नाहीत. वर्गात मुलांना चांगली हिंदी शिकवली आणि आईच्या बोलीत गाणी लिहिली. एक भाषा येण्यासाठी दुसरी टाकावी लागत नाही, हे त्यांनी जगून दाखवलं. आज छत्तीसगढच्या एखाद्या लग्नात बायका त्यांचं गाणं आपल्या पणजीचं म्हणून गातात, तेव्हा लिहिणाऱ्याचं नाव कुणाला आठवतंच असं नाही. घरात जुनं गाणं गुणगुणणारी एखादी आजी असेल, तर आज तिच्याजवळ घटकाभर बसावं. गाणं शिकून घ्यावं, आणि ते कुणाचं, हेही विचारून घ्यावं.