पेट्रोल की डिझेल? आधी हिशेब, मग गाडी



वेचणी आटोपते, खेडा खरेदीवाला पैसे मोजून जातो, सोसायटीचे देणे फिटते. ज्या वर्षी त्यातून चार पैसे उरतात त्या वर्षी गावोगावच्या बैठकांत एक प्रश्न हमखास निघतो. भावाचा, वायद्याचा विषय संपला की मागच्या ओळीतला एखादा दादा हळूच विचारतो, "भाऊ, जुनी गाडी घ्यायची आहे. पेट्रोल घेऊ की डिझेल?" आणि त्याला उत्तर द्यायला सगळी बैठक एका आवाजात पुढे येते, "डिझेलच घे. डिझेल स्वस्त पडते."

हे उत्तर ऐकून ऐकून आमचे कान किटले आहेत. एके काळी ते खरे होते. आज कोरडवाहू कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या बहुतेक घरांसाठी ते खोटे आहे. या खोट्यापायी कित्येकांची वर्षाची शिल्लक गॅरेजवाल्याच्या गल्ल्यात गेलेली आम्ही पाहिली आहे. म्हणून यंदाच्या जिल्हा मेळाव्याच्या अंकात हा हिशेब उघडा करून मांडतो आहोत.

स्वस्त डिझेल कोणाच्या नावाने आणि कोणासाठी?

आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात टाटांची इंडिका बाजारात आली. डिझेलवर चालणारी छोटी गाडी सामान्य माणसाच्या दारात येऊ लागली ती तेव्हापासून. डिझेलचा भाव तेव्हा सरकार ठरवत असे आणि तो पेट्रोलपेक्षा बराच खाली ठेवत असे. कारण काय सांगत? शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, शेतकऱ्याचा पंप!

आता खरा लाभ कोणी घेतला ते पाहा. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे होते आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी तेव्हा गाडी होती किती जणांकडे? त्या फरकावर शहरातल्या बड्यांनी मोठमोठ्या डिझेल गाड्या उडवल्या आणि सबसिडी खाल्ल्याचा ठपका मात्र शेतकऱ्याच्या कपाळी आला.

पुढे जानेवारी २०१३ पासून डिझेलचा भाव महिन्याला थोडा थोडा वाढवत नेला. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल पूर्ण खुले केले. बाजार खुला झाला याचे आम्हाला वाईट वाटत नाही. पण जगात कच्चे तेल घसरू लागले, आता आपल्यालाही स्वस्त मिळेल असे वाटले, आणि नेमका तेव्हाच केंद्र सरकारने हात मारला. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले. डिझेलवर लिटरला ३ रुपये ५६ पैसे होते ते १७ रुपये ३३ पैसे झाले. मे २०२० मध्ये, ऐन खरिपाच्या तोंडावर, एका रात्रीत डिझेलवर १३ रुपये चढवले आणि शुल्क ३१ रुपये ८३ पैशांवर नेले. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये त्यातले १६ रुपये कमी केले, एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा २ वाढवले. ते झाले १७ रुपये ८० पैसे.

२०१४-१५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ४०५० रुपये होता. २०२५-२६ साठी तो ८११० जाहीर झाला. म्हणजे कापसाचा जाहीर भाव दुप्पट आणि डिझेलवरचे शुल्क पाचपट. जाहीर भाव पदरात किती पडतो हे आणखी वेगळे सांगायला नको.

डिझेल स्वस्त, ही म्हण त्या जुन्या ३२ रुपयांच्या फरकावर उभी होती. २०२४-२५ मध्ये आपल्या जिल्ह्यात तो फरक १४ रुपयांच्या आसपास होता. फरक निम्म्याहून खाली आला, म्हण मात्र तशीच राहिली.

पाटीवर मांडून पाहा

गाडी विकणारा दलाल अॅव्हरेज सांगतो. आपण वर्षाची धाव विचारायची. सगळा हिशेब तिथे आहे.

एकाच जातीच्या, एकाच वयाच्या दोन जुन्या गाड्या समजा. पेट्रोलची लिटरला १६ किलोमीटर देते, डिझेलची २०. पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९१ रुपये धरा. पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे ६ रुपये ५६ पैसे लागतात, डिझेलला ४ रुपये ५५ पैसे. बचत सुमारे २ रुपये.

आता आपण फिरतो किती? आठवड्याचा बाजार, तालुक्याची कचेरी, दवाखाना, लेकीचे सासर, लग्नसराई, सारंगखेड्याची यात्रा. सगळे धरून वर्षाला ६००० किलोमीटर झाले तर खूप. बचत झाली १२००० रुपये.

दुसऱ्या बाजूला डिझेल गाडी ७५००० रुपयांनी महाग पडली असे धरा. ती रक्कम १२ टक्क्यांनी उसनी घेतली तर वर्षाचे व्याजच ९०००. ऑइल, फिल्टर, मोठी बॅटरी यांचा जादा खर्च ४००० धरा. झाले १३०००. म्हणजे १२००० वाचवायला १३००० घातले, आणि ७५००० मुद्दल अजून अंगावरच आहे. इंजेक्टर, टर्बो, पंप यातले एखादे गेले तर काय, हे यात धरलेलेच नाही.

हीच गाडी वर्षाला २४००० किलोमीटर धावली तर बचत ४८००० होते, १३००० वजा जाता ३५००० हातात राहतात आणि जादा दिलेले पैसे दोन-सव्वादोन वर्षांत निघतात. म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. वर्षाला १५००० किलोमीटरच्या आत फिरणाऱ्याने डिझेलच्या नादी लागू नये. २०००० च्या वर फिरणाऱ्याने खुशाल डिझेल घ्यावी. मधल्याने आपले आकडे घालून पाटीवर मांडून पाहावे.

सीमेपलीकडचा भाव

नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. फलाटावर चालता चालता राज्य बदलते. पंपावरचा भावही तसाच बदलतो. २०२४-२५ मध्ये पलीकडे पेट्रोल ९५ रुपयांच्या घरात होते आणि आपल्याकडे १०५ च्या. डिझेलमध्ये मात्र जेमतेम रुपया-दीड रुपयाचा फरक.

असे का? महाराष्ट्र सरकार आपल्या भागात पेट्रोलवर २५ टक्के आणि वर लिटरला ५ रुपये १२ पैसे कर लावत आले, डिझेलवर २१ टक्के. गुजरातेत पेट्रोलवरचा कर त्याहून बराच कमी. म्हणजे नवापूर, नंदुरबार, अक्कलकुव्याच्या ज्या माणसाचे पलीकडे जाणे-येणे असतेच, त्याला पेट्रोल गाडी आणखी परवडते. तिकडच्या भावाने वरच्याच दोन गाड्यांत किलोमीटरमागे फरक उरतो १ रुपया ४४ पैसे. ६००० किलोमीटरला ८६४० रुपये. त्यात डिझेलचे व्याजही निघत नाही.

आणि मुंबईच्या सरकारला आमचा सवाल आहे. पेट्रोल भरणारा तिकडे जातो, कर तिकडच्या तिजोरीत पडतो. ज्याला सीमा जवळ नाही त्या शहाद्याच्या, धडगावच्या माणसाने मात्र दहा रुपये जादा का मोजावे?

दिल्लीची ओवाळणी

राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका घेतली. तिकडे भंगार ठरलेला माल मग कुठे गेला? जिथे ही बंदी नाही तिथे, म्हणजे आपल्याकडे. २०२५ मध्ये न्यायालयाने कारवाईबाबतचे आदेश बदलले, पण तोवर दहा वर्षांची डिझेल गाडी घासूनपुसून देशभरच्या बाजारांत उभी राहिली होती.

आमच्यातल्या एका कार्यकर्त्याने अशीच एक घेतली. दिसायला नवरदेवासारखी. मीटरवर ८२ हजार. दुसऱ्या पावसाळ्यात इंजेक्टर गेले आणि पाठोपाठ टर्बो. बिल झाले ४६००० रुपये, म्हणजे कोरडवाहूतला दीड एकराचा कापूस. फिटर हसत म्हणाला, "दादा, ही गाडी दोन लाखांच्या खाली चाललेली नाही." चूक आमचीही होती. बैल घेताना आम्ही दात बघतो, खूर बघतो, औताला जुंपून बघतो. गाडी घेताना नुसता रंग पाहिला.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. डिझेल गाडी मुळात खूप फिरणाराच घेतो. म्हणून जुन्या बाजारातली डिझेल बहुधा दमलेली असते आणि मीटर मागे फिरवण्याचा मोह तिथेच जास्त असतो. स्टिअरिंगची घासलेली कातडी, गुळगुळीत झालेले पेडल आणि कंपनीच्या सर्व्हिसच्या नोंदी मीटरपेक्षा खरे बोलतात. सकाळी थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावा. गरम करून ठेवलेली गाडी दाखवली तर निघून या. ऑइलचे झाकण उघडून बघा. तिथून भसाभस धूर आला तर इंजिन बसले समजा.

सातबारा पाहिल्याशिवाय आपण जमीन घेत नाही. आरसी बुक हा गाडीचा सातबारा आहे. त्यावर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र हातात पडल्याशिवाय दमडी देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला हवा आणि आपल्याकडचा करही भरावा लागतो. तो डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त आहे. १५ वर्षे झालेल्या गाडीचे फेरनोंदणी शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० चे ५००० झाले, हेही दलाल सांगत नाही.

दुसरी बाजूही सांगतो

आम्ही पेट्रोल कंपन्यांचे एजंट नाही. तोरणमाळच्या घाटात, धडगाव-मोलगीच्या चढावर माणसे आणि पोती घेऊन रोज चढणाऱ्या जीपला डिझेलच हवे. कमी फेऱ्यांवर ओढण्याची ताकद डिझेलची, त्यात वाद नाही. रोज सुरत-धुळे रस्त्यावर धावणाऱ्यालाही डिझेलच परवडते. मात्र एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सिक्स डिझेल गाडीत धूर गाळणारी जाळी असते. तिला लांबची, गरम धाव लागते. गाव ते तालुका एवढेच फिरलात तर ती काजळीने तुंबते आणि खर्चात पाडते.

पेट्रोललाही खोट आहे. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. अॅव्हरेज थोडे घटते हे सरकारनेही कबूल केले आहे. म्हणून जुन्या पेट्रोल गाडीचे इंधनाचे रबरी पाइप आणि वायसर तपासून, गरज पडली तर बदलून घ्या. तो खर्च हजारांत आहे. डिझेलच्या इंजेक्टरचा दहा हजारांत.

आणि खरा मुद्दा

गाडीत आपल्याला निवड आहे. ट्रॅक्टरला नाही. नांगरटीला, रोटाव्हेटरला, मळणीला डिझेलच जाळावे लागते. २०२५ मध्ये त्या डिझेलच्या भावात केंद्र आणि राज्याचा मिळून एक तृतीयांशाहून अधिक कर होता. त्यातही एक कर आपल्या नावाचा! फेब्रुवारी २०२१ पासून कृषी पायाभूत सुविधा आणि विकास उपकर लावला, पेट्रोलवर लिटरला अडीच रुपये आणि डिझेलवर ४ रुपये. दुसरे शुल्क तेवढेच उतरवले म्हणून भाव वाढला नाही, असे सांगितले. ठीक. पण उपकराचा पैसा राज्यांच्या वाट्यात येत नाही. शहरातल्या मोटारीच्या पेट्रोलवर अडीच आणि आमच्या ट्रॅक्टरच्या डिझेलवर चार, आणि नाव काय तर कृषी विकास! चोराने पाकीट मारावे आणि त्यावर आपलेच नाव लिहावे, अशी ही तऱ्हा.

पूर्वी आपल्या नावाने स्वस्त डिझेल शहराने जाळले. आता आपल्या नावाने महाग डिझेल आपणच जाळतो आहोत.

म्हणून या मेळाव्यापुढे आम्ही तीन ठराव ठेवत आहोत. एक, सातबाऱ्यावरच्या पेऱ्याच्या एकरामागे ठरावीक लिटर डिझेलवरचा केंद्राचा आणि राज्याचा कर शेतकऱ्याच्या खात्यात परत द्यावा. दोन, महाराष्ट्राने पेट्रोलवरचा कर गुजरातच्या पातळीवर आणावा. तीन, कृषी उपकरातून आपल्या सहा तालुक्यांत काय उभे राहिले याचा हिशेब जाहीर सभेत द्यावा.

चौथा ठराव सरकारसाठी नाही, आपल्यासाठी आहे. पीककर्जाच्या पैशातून कोणी गाडी घेणार नाही. दारात गाडी उभी राहिली म्हणून पत वाढत नाही, व्याज वाढते. सरपंचाने डिझेल घेतली म्हणून आपणही घ्यावी असे नाही. त्याची धाव वेगळी, आपली वेगळी.

मेळाव्याला येताना प्रत्येकाने गेल्या वर्षी आपण किती किलोमीटर फिरलो आणि ट्रॅक्टरला किती लिटर डिझेल जाळले, हे दोन आकडे कागदावर लिहून आणावेत. पहिला आकडा सांगेल कोणती गाडी घ्यायची. दुसरा सांगेल सरकारकडून किती वसूल करायचे.