कार-टी उपचार: ७३ टक्क्यांच्या पुढे काय विचारावे?

पनवेल तालुक्यात खारघरला टाटा मेमोरियलचे ‘ॲक्ट्रेक’ केंद्र आहे. ४ जून २०२१ रोजी देशातला पहिला कार-टी उपचार तिथे झाला. यात रुग्णाच्याच टी-पेशी काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात नवे जनुक घालतात आणि त्या परत शरीरात सोडतात. या देशी उपचाराच्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त आले. रक्ताचा कर्करोग किंवा लिम्फोमा उलटलेल्या ५१ रुग्णांपैकी ७३ टक्क्यांत आजाराने प्रतिसाद दिला होता. बातम्यांनी हाच आकडा उचलला. मात्र प्रतिसाद म्हणजे कायमचे बरे होणे नव्हे. उपचारामुळे झालेले दोन मृत्यूही त्याच निष्कर्षांत आहेत.

पेशी दिल्यानंतरचे दिवस खरे तर सिस्टरांचे. ताप, रक्तदाब, ऑक्सिजन त्या पाहतातच. शिवाय रुग्णाकडून रोज एक वाक्य लिहून घेतात, शंभरापासून दहा-दहाने उलटे आकडे म्हणवून घेतात. नातेवाइकांना ही शाळाच वाटते! पण मेंदूवर परिणाम होऊ लागला की अक्षर लवकर बिघडते. वाक्य मराठीतच लिहू द्या. सवयीच्या लिपीतला बदल पटकन कळतो.

म्हणून डॉक्टरांना टक्केवारीबरोबर हेही विचारा: किती जणांना अतिदक्षता विभागात न्यावे लागले? वर्षभरानंतर किती जण आजारमुक्त होते? आणि घरी गेल्यावर रात्री फोन कोण उचलेल? ताप १००.४ अंशांवर गेला, तर गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. लगेच कळवा.