घाट उतरतांना

‘ब्रेक निकामी झाले’ एवढे शब्द अपघाताच्या बातमींत छापले म्हणजे वाचकाचें समाधान होतें. जणूं यंत्रावर आळ घातला कीं चौकशी संपली! मला हें समाधान मान्य नाहीं. ता. 4 जुलै 2023 रोजीं धुळें जिल्ह्यांत, शिरपूर तालुक्यांतील पळासनेर येथें मुंबई–आग्रा महामार्गावर एक अवजड कंटेनर अनावर झाला; वाटेंतील वाहनांस धडकत तो रस्त्यालगतच्या हॉटेलांत शिरला आणि किमान दहा माणसें प्राणांस मुकलीं. त्याचेहि ब्रेक निकामी झाल्याचें वृत्त होतें. त्या एका वाहनाचा न्याय करणें माझें काम नव्हे. परंतु सातपुडा उतरून खानदेशांत येणाऱ्या रस्त्यावर ब्रेक कां दगा देतात, हें आपल्या मुलांस ठाऊक असलें पाहिजे.

ब्रेक वेग गिळीत नाहीं; तो वेगाची उष्णता करितो. चाळीस टनांची गाडी 300 मीटर खोल उतरतांना जी उष्णता निर्माण होऊं शकते, तिनें सुमारें 400 लिटर पाणी, म्हणजे दोन मोठीं पिंपें, उकळीला येईल! चालक सारा वेळ ब्रेक दाबून बसला, तर हा बहुतेक भार चाकांतील लायनरवर पडतो. तापलेला ड्रम फुगून लायनरपासून दूर सरतो, लायनरची पकड घटते. पाय जोरानें दाबला तरी गाडी ऐकत नाहीं. मोटारी व मोटारसायकली यांत आणखी एक भय आहे. ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषितें. जें नवें असतां 205 अंशांपर्यंत उकळत नाहीं, तेंच ओलावल्यावर 140 अंशांच्या सुमारास उकळूं लागतें. मग नळींत वाफ होते आणि पेडल पोकळ लागतें. गंमत अशी कीं, गाडी थंड झाल्यावर तपासणारास तेच ब्रेक पुष्कळदां शाबूत आढळतात. मग निकामी कोण झालें होतें?

शर्यतीच्या मैदानावर हें संकट प्रत्येक वळणाला उभें असतें. फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतींत 1953 सालीं जॅग्वार गाडी जिंकली, तिच्या यशांत वाऱ्यावर उघड्या असलेल्या डिस्क ब्रेकांचा मोठा वांटा होता. आमच्या विद्यार्थ्यांस शर्यतवीराचा वेग तेवढा दिसतो. तो ब्रेक कसा लावतो, हें कोणी पाहत नाहीं! तो क्षणभर जोरानें दाबतो आणि सोडून देतो, म्हणजे पुढल्या वळणापर्यंत ब्रेकास निवण्यास वेळ मिळतो. घाटांत पाय सतत पेडलवर ठेवणारा याच्या नेमकें उलट करितो.

जुने चालक सांगत, ज्या गिअरांत घाट चढाल त्याहून वरच्यांत उतरूं नका. गिअर उतार लागण्यापूर्वींच टाकावा, म्हणजे इंजिनच गाडी आवरून धरतें. डिझेल वांचविण्यास न्यूट्रल करून उतरणें तर शुद्ध वेडेपणा; आधुनिक गाडी गिअरांत उतरत असतां इंधन बहुधा आपोआप बंद होतें. पण जादा माल लादणारा व चालकाची झोप मोडून खेप मागणारा मालक तरी निर्दोष कसा? त्याचें नांव बातमींत क्वचितच येतें.

लळिंग घाटांत इंजिन बंद करून मोटारसायकल सोडणाऱ्या तरुणांच्या पालकांनीं ब्रेक ऑइल दोन वर्षांनीं बदलून घ्यावें आणि मुलाची किल्लीहि कांहीं दिवस काढून घ्यावी. चाळीसगांवाहून वेरूळास जाणारी सहल कन्नड घाट सकाळीं चढते खरी; पण परततांना तोच घाट अंधारांत, दमलेल्या चालकाच्या हातीं उतरावयाचा असतो. बस ठरवितांना आपण भाडें विचारतों. लायनर केव्हां बदलले आणि चालकाची आदल्या रात्रीं झोप झाली काय, हेंहि यंदापासून विचारावें.