दांडी कुणाच्या हाताला?

बेडरूममध्ये कपाट करायचं ठरलं की सुतार येतो, टेप काढतो आणि भिंत मोजतो. दहा फूट रुंदी, साडेनऊ फूट उंची. आकडे वहीत उतरतात, सनमायकाच्या नमुन्यांची फाइल उघडते आणि सगळं घर रंगावर बोलू लागतं. ज्या बाईला त्या कपाटाशी दिवसातून दहा वेळा काम पडणार आहे, तिला भिंतीशी उभं करून हात वर करायला मात्र कुणी सांगत नाही.

पाच फूट उंचीच्या माणसाचा हात ताणला तरी साधारण सव्वासहा फुटांपर्यंतच जातो. अनेक कपाटांत हँगरची दांडी असते साडेसहा फुटांवर. घरात सत्तरीच्या आजी असतील तर रोजच्या साडीसाठी त्यांना स्टुलावर चढावं लागतं. या वयात स्टुलावरून पाय घसरला तर मांडीचं हाड मोडू शकतं, आणि त्यानंतरचे काही महिने अंथरुणात जातात. दांडी चार-सहा इंच खाली घ्यायला एक रुपयाही जास्त लागत नाही.

भिंतीत सामावलेलं कपाट आपल्याकडे काही नवं नाही. वाड्यांच्या भिंती दोन-दोन फूट जाड, त्यामुळे त्यांच्या पोटातच फडताळ बसायचं. लाकडी चौकट, दोन दारं, आत फळ्या. दिव्याला दिवळी, बारीकसारीक वस्तूंना कोनाडा, सदऱ्याला खुंटी आणि धुतलेल्या लुगड्यांना वळणी. फडताळानं खोलीतली वीतभरही जमीन घेतली नाही. पुढे १९२३ पासून गोदरेजनं पोलादी कपाटं बनवायला घेतली, आणि बदल्या होणाऱ्या, भाड्यानं राहणाऱ्या मध्यमवर्गाला टेम्पोत घालून नेता येईल असं कपाट मिळालं. ते आजही कित्येक घरांत खडखडत का होईना उभं आहे.

आताच्या इमारतींत आतल्या भिंती चार-सहा इंचांच्या. त्यांच्या पोटात काही मावत नाही, म्हणून फडताळ खोलीत उतरलं. हिशेब सोपा आहे. दहा बाय अकराची बेडरूम म्हणजे ११० चौरस फूट. दहा फुटांच्या भिंतीला दोन फूट खोल कपाट केलं की २० चौरस फूट गेले, म्हणजे खोलीचा जवळपास १८ टक्के भाग. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या कार्पेट एरियात ही जागा धरलेली असते. ती घेताना पैसे मोजलेले असतात. मुंबईतल्या बीडीडी चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या कुटुंबांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरं मिळत आहेत. तिथे पहिल्यांदा स्वतंत्र बेडरूम आणि पहिल्यांदाच भिंतभर कपाट. त्यांच्यासाठी तर एकेक फूट मोलाचा आहे.

मग कपाटाची खोली दोन फूटच का हवी? कारण हँगर १७-१८ इंचांचा असतो, त्यावरचा कोट किंवा कुर्ता दोन्ही बाजूंना थोडा बाहेर येतो आणि दार मिटायलाही जागा लागते. वीस इंचांचं कपाट केलं तर दार कपड्यांना घासतं. सरकत्या दारांच्या रुळांना आणखी तीन-चार इंच द्यावे लागतात. पलंग आणि कपाट यांत जेमतेम दीड-दोन फूट उरत असतील तर सरकतं दार बरं. पण त्यात एका वेळी अर्धंच कपाट दिसतं. जागा असेल तिथे उघडणारं दारच घ्यावं, असं ठामपणे सांगता येईल.

वरचा माळा करताना पंखा कुणाच्या ध्यानात येत नाही. याच अकरा फुटांच्या खोलीत पंखा मधोमध, भिंतीपासून साडेपाच फुटांवर. कपाटानं दोन फूट घेतले, उरले साडेतीन. नेहमीच्या ४८ इंची पंख्याचं पातं मध्यापासून दोन फूट फिरतं. म्हणजे कपाटाच्या तोंडापासून पात्यापर्यंत अंतर उरलं बरोबर दीड फूट. माळ्याची दारं दीड फुटांहून रुंद केली की ती चालू पंख्यावर आपटणार. ही चूक दार बसल्यावरच कळते, तेव्हा दार कापून अरुंद करणं किंवा पंखा हलवणं एवढेच मार्ग राहतात. स्विचबोर्ड, बीम, एसीचा पाइप, खोलीचं दार कुठपर्यंत उघडतं, हे सगळं त्याच कागदावर आधी काढून घ्यायला हवं.

भिंत सरळ आहे असं गृहीत धरणारा सुतार फसतो. जाणता कारागीर रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजतो, ओळंबा सोडतो, कोपऱ्यात गुण्या लावून बघतो. सुतारकामात इंचाचे आठ सूत. दहा फुटांच्या भिंतीत चार-सहा सुतांचा फरक सहज निघतो. त्यातलं सगळ्यात कमी माप धरून सांगाडा करायचा आणि उरलेल्या फटीत भिंतीच्या वळणाप्रमाणे तासलेली पट्टी बसवायची. कारखान्यातून कापून आलेल्या मॉड्युलर कपाटाची धार आणि चिकटवलेली पट्टी हातकामाहून सफाईदार असते, घरात महिनाभर भुसाही उडत नाही. पण ते आधी काटकोनात कापलेलं असतं. वाकड्या भिंतीशी त्याला जुळवून घेणं शेवटी जागेवर आलेल्या माणसाच्या हातावरच अवलंबून राहतं.

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पाऊस हा कपाटाचा खरा परीक्षक. बाथरूमला लागून असलेल्या किंवा पश्चिमेच्या पावसाच्या माऱ्यातल्या भिंतीला कपाट टेकवलं की श्रावणापर्यंत कातडी पट्ट्यांवर बुरशी येते आणि रेशमाला वास लागतो. आधी भिंतीची गळती काढावी. ती निघेपर्यंत कपाट थांबवावं, बुकिंगची रक्कम दिलेली असली तरी. मागची प्लाय भिंतीपासून इंचभर सुटी ठेवावी, तळाला चार इंचांची बैठक द्यावी. ओलीची शंका असेल तिथे आयएस ७१० चा शिक्का असलेली प्लाय घ्यावी. या प्रतीची प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. दाराला सनमायका दोन्ही बाजूंनी लावायला सांगावं. एकाच बाजूनं लावलेलं सात फुटी दार वर्षा-दोन वर्षांत बाक घेतं.

आणि आतले कप्पे? त्यांचं माप कपड्यांकडून घ्यावं. शर्ट-कुर्त्यांना साडेतीन फूट उंची पुरते, म्हणून त्यांच्या खणात दोन दांड्या एकाखाली एक बसतात; लांब ड्रेसला मात्र पाच फूट लागते. जड जरीची पैठणी टांगू नये. तिला मलमलीत गुंडाळून ठेवायला आडवा, उथळ खण हवा, घडी मोडून बदलायला हात सहज जाईल अशा उंचीवर. फळी तीन फुटांहून लांब ठेवली तर चादरींच्या वजनानं मध्ये झोल येतो. दागिन्यांसाठी प्लायचा चोरकप्पा मागितला जातो. तो लपवतो, राखत नाही. मौल्यवान ऐवजासाठी भिंतीत बोल्ट केलेली पोलादी तिजोरीच हवी.

माप घ्यायला सुतार येईल त्या दिवशी घरातले सगळे कपडे पलंगावर काढा आणि मोजा. मग कपाट वापरणाऱ्या प्रत्येकाला भिंतीशी उभं करा, हात सहज जाईल तिथे पेन्सिलीनं खूण करा. आजींच्या खणाची दांडी आजींच्या खुणेच्या खाली बसवा.