गिरणीच्या जमिनीतला आपला वाटा

लालबाग-परळच्या टॉवरमध्ये आज क्लबहाऊस, जिम, स्विमिंग पूल सगळं आहे. पण फाटकाच्या आत. फाटकाबाहेरच्या चाळीतल्या मुलांनी खेळायचं कुठे, हा माझा प्रश्न आहे.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरवले होते: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी बांधकाम नसलेल्या जागेपुरतीच उरली. गिरणीच्या आवारात शेडच जास्त, त्यामुळे लोकांचा वाटा आक्रसला. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

'यात आपला काय संबंध?' असं काही मित्र विचारतात. मदनपुऱ्यातले मोमीन विणकर याच गिरण्यांत साच्यांवर राबले. बार्शीच्या शाहीर अमर शेखांचा आवाज याच कामगारवस्तीत घुमला. हा हक्क घामाचा आहे, मेहेरबानीचा नाही.

आपल्या मागण्या बहुतेकदा कबरस्तान आणि उर्दू शाळेपाशी थांबतात. त्या रास्तच आहेत. पण मैदान, दवाखाना, वाचनालय हेही आपलेच विषय आहेत. विकास आराखडा २०३४ महापालिकेच्या संकेतस्थळावर आहे. आपल्या वॉर्डात कोणता भूखंड कशासाठी राखीव आहे, ते शोधा. तो आज कोणाच्या ताब्यात आहे, हे माहिती अधिकारात विचारा. मग मागणीच्या अर्जावर शेजारच्या चाळीतल्यांच्याही सह्या घ्या. मैदानात सगळ्यांचीच मुलं खेळणार आहेत.