शुक्राचा नंबर कधी लागणार?

परवा ताईकडे जेवायला गेलो होतो. जेवणं झाल्यावर गप्पा कशा कोण जाणे, अंतराळावर घसरल्या. भाऊजी म्हणाले, "अगं, नासात आपल्यासारखा वशिला चालत नाही. प्रस्ताव द्यायचा, स्पर्धेत उतरायचं, जिंकलात की यान उडालंच म्हणून समज." तोंडात बासुंदी होती म्हणून मी तेव्हा गप्प बसले. भाऊजी माझं लिखाण वाचतात, तेव्हा उत्तर इथेच देते. भाऊजी, वशिल्याचं आणि स्पर्धेचं तुम्ही म्हणता ते खरं. जिंकलं की यान उडतं, हे मात्र साफ चूक.

ही निवड होते कशी ते आधी सांगते. नासाची 'डिस्कव्हरी' नावाची मालिका आहे, त्यातल्या त्यात कमी खर्चाच्या ग्रहमोहिमांची. नासा प्रस्ताव मागवते. एक मुख्य शास्त्रज्ञ आपली टोळी जमवून प्रस्ताव पाठवतो. त्यातलं विज्ञान, यंत्रं आणि खर्च, सगळ्याची चिरफाड होते. थोडे प्रस्ताव अंतिम फेरीत जातात, त्यांना सखोल अभ्यासासाठी पैसे मिळतात (२०२० मध्ये प्रत्येकी ३० लाख डॉलर). मग विज्ञान विभागाचा प्रमुख अंतिम निर्णय देतो. याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. परीक्षा कडक असावीच.

२०१५ च्या सप्टेंबरात पाच प्रस्ताव अंतिम फेरीत होते. त्यातले दोन शुक्राचे होते, व्हेरिटास आणि डाविंची. जानेवारी २०१७ मध्ये निकाल लागला आणि दोन्ही हरले. जिंकले ल्युसी आणि सायकी, दोन्ही लघुग्रहांकडे जाणारे. ठीक आहे, स्पर्धा म्हटली की हार आली. व्हेरिटासच्या प्रमुख सुझान स्म्रेकर आणि त्यांचे सहकारी पुन्हा अभ्यासाला बसले. २०२० मध्ये पुन्हा अंतिम फेरी, आणि २ जून २०२१ ला दोन्ही शुक्रमोहिमा जिंकल्या. गुरूचा चंद्र आयो आणि नेपच्यूनचा चंद्र ट्रायटन, यांच्याकडे जाणारे प्रस्ताव मागे पडले. ट्रायटनजवळून आजवर एकच यान गेलंय, व्हॉयेजर २, तेही १९८९ साली. म्हणजे या विजयाची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली होती, हे विसरू नका.

आता खरी गंमत. (गंमत कसली!) सायकी २०२२ मध्ये उडायचं होतं. सॉफ्टवेअरच्या चाचण्या वेळेत झाल्या नाहीत आणि मुहूर्त हुकला. चौकशी समिती बसली. सायकीचं काम जिथे चाललं होतं त्या कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत अनुभवी माणसं कमी आणि कामं जास्त, असं समितीने सांगितलं. व्हेरिटाससुद्धा त्याच प्रयोगशाळेचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये नासाने जाहीर केलं की व्हेरिटास किमान तीन वर्षं पुढे, २०३१ च्या आधी नाही.

म्हणजे बघा, २०१७ मध्ये ज्याच्याकडून हरले, त्याच्याच उशिरापायी जिंकल्यावरही घरी बसले! स्पर्धा परीक्षेच्या यादीत नाव लागलं, गावात पेढे वाटून झाले, आणि नेमणुकीचं पत्रच येईना, अशी मुलं आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांच्या आईला विचारा, नापास होणं परवडलं असं म्हणेल.

"माणसंच नव्हती, तर नासाने काय करायचं होतं?" भाऊजींचा पुढचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय. मुद्दा रास्त आहे. अनुभवी इंजिनियर झाडाला लागत नाहीत, आणि युरोपा क्लिपर व आपल्या इस्रोबरोबरचं निसार हीदेखील त्याच प्रयोगशाळेची कामं होती. तारीख पुढे गेली हे मी एकवेळ समजून घेईन. पण मार्च २०२३ च्या अंदाजपत्रकात व्हेरिटासला वर्षाला जेमतेम १५ लाख डॉलर ठेवले, ते समजून घेणार नाही. ज्या मोहिमेसाठी निवडीच्या वेळी सुमारे ५० कोटी डॉलर सांगितले होते, तिच्या वाट्याला हे! त्याला 'पुढे ढकललं' म्हणतात? जमलेली टोळी एकदा पांगली की ती पाच वर्षांनी हाक मारून परत येत नाही.

आणि त्याच मार्चमध्ये काय प्रसिद्ध झालं माहीत आहे? मॅगेलन यानाची १९९१ सालची रडारचित्रं शेजारी शेजारी ठेवून दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं, की शुक्रावरच्या माट मॉन्स या ज्वालामुखीचं एक मुख आठ महिन्यांत जवळजवळ दुप्पट मोठं झालं होतं. शुक्र अजून धुमसतोय याचा इतका थेट पुरावा, आणि तो तीस वर्षं जुन्या चित्रांतून! कारण मॅगेलन १९९४ मध्ये संपलं, आणि त्यानंतर नासाने खास शुक्रासाठी एकही यान पाठवलेलं नाही. त्या दोघांपैकी एक, स्कॉट हेन्सली, व्हेरिटासच्याच चमूतले. ज्याच्या हातात नवा कॅमेरा द्यायचा, त्याला जुना अल्बम चाळायला बसवलंय.

माझं म्हणणं इतकंच, की निवड जाहीर करताना मूळ चमूचा पगार यान उडेपर्यंत बांधून द्या. प्रयोगशाळेत माणसं आहेत का, हे पेढे वाटायच्या आधी मोजा, नंतर नाही. पुढे २०२५ च्या मे महिन्यात व्हाइट हाउसने मांडलेल्या अंदाजपत्रकात तर दोन्ही शुक्रमोहिमा रद्दच करायचा प्रस्ताव होता. शेवटचा शब्द तिथल्या काँग्रेसचा असतो हे खरं, पण जिंकून चार वर्षं झाल्यावर पुन्हा जीव टांगणीलाच ना!

सायकी अखेर १३ ऑक्टोबर २०२३ ला उडालं, २०२९ मध्ये आपल्या लघुग्रहापाशी पोचेल. पोचलं की मी टाळ्या वाजवीन, त्याच्यावर माझा राग नाही. भाऊजी, पुढच्या वेळी बासुंदीच्या आधी बोलू.